वाकून बोलायच्या गोष्टी

रुखमाबाईंची ओळख करून द्यायची तर आधी त्यांच्या हट्टाची करून द्यावी लागेल. धाकटी बहीण रुपा ज्या आजाराने गेली, तो आपल्या सुनेच्या, मेघाच्या, वाट्याला येऊ द्यायचा नाही, एवढाच तो हट्ट. ऐकायला सोपा आहे. पण आजाराचं नाव एचआयव्ही, आणि मेघाचा नवरा कैलाश म्हणजे रुखमाबाईंचा एकुलता एक मुलगा. तो ट्रक चालवतो आणि महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. आता आपल्याकडच्या कोणत्याही आईला विचारून बघा, या आजाराबद्दल पोटच्या पोराशी बोलशील का? ती आधी तुमच्याकडे बघेल आणि मग स्वतःच्या पायातल्या चपलेकडे.

रुखमाबाई चोपन्न वर्षांच्या. तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडे एका गावात त्यांचं घर आहे, तळ्याखाली धानाच्या तीन बांध्या, म्हणजे खाचरं, आहेत, नत्थू नावाचा अबोल नवरा आहे, आणि आवाज असा आहे की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली तर तळ्यापलीकडची म्हैस मान वर करते. पावसाळ्यात धानाची रोवणी करणाऱ्या चौदा बायकांच्या टोळीच्या त्या म्होरक्या. उद्या कोणाच्या बांधीत उतरायचं हे त्या ठरवतात, आणि टोळीतलं कोण कोणावर रुसलं, ते किती दिवस चालू द्यायचं, हेही त्याच ठरवतात.

मी प्रतिक्षा. तुमसरला एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. म्हणजे लोक माझ्यासमोर खुर्चीत बसतात, जमिनीकडे बघतात, आणि मी त्यांना धीर देते. गावोगाव फिरून माहिती देणं हेही माझंच काम. दोन वर्षांपूर्वी मी या गावात गेले तेव्हा माझ्याकडे चित्रांचा तक्ता होता, लाल रिबिनीचा बिल्ला होता आणि ‘सुरक्षित लैंगिक वर्तन’ हा शब्द होता. तो शब्द मी समाजमंदिरात उच्चारला तेव्हा समोरच्या बायकांनी एकाच वेळी पदर तोंडाला लावला. एकीने दुसरीला विचारलं, “हे कायचं वर्तन म्हनते वो?” दुसरी म्हणाली, “चूप बस, चहा भेटनार हाये.”

मी हार मानणाऱ्यांतली नव्हे. बोलत नाहीत तर निदान वापरतील, असा विचार करून मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फुकट निरोधचा डबा लावून घेतला. पहिले तीन आठवडे डबा भरलेलाच. चौथ्या आठवड्यात अचानक रिकामा! पुन्हा भरला, दोन दिवसांत पुन्हा रिकामा. मी आनंदाने वर अहवाल पाठवला, ‘गावात उत्तम प्रतिसाद.’

मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं आपापले लाकडी नंदी सजवून मारुतीच्या देवळासमोर आणतात. सगळं गाव बघायला जमतं आणि ज्याचा नंदी देखणा त्याला बक्षीस मिळतं. त्या वर्षी नंदी पाहून नंबर काढायला पाहुणी म्हणून मलाच बोलावलं होतं. मी खुर्चीत बसले. वाजतगाजत नंदी आले. अकरा नंदी, आणि अकराही नंद्यांच्या शिंगांना, वशिंडाला, चाकांना लांबट पांढरे फुगे! मी ते फुगे ओळखले. गावातल्या मोठ्या माणसांनीही ओळखले, कारण सगळे पुरुष एकाएकी आभाळात पाऊस शोधू लागले. पोरं मात्र खुशीत होती. एवढे मोठे, न फुटणारे फुगे त्यांना दुकानात कधी मिळाले नव्हते.

गर्दीतून एकच हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. हसता हसता त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच रुखमाबाई. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला हाताला धरून घरी नेलं, समोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, “बाई, गावानं तुमचे निरोध वापरले खरे, पन नंदीले.”

मी रडण्याच्या बेतात होते. त्यांनी ते ओळखलं आणि हसणं आवरलं.

“तुमची चूक का झाली सांगू? पंचायतीपुढच्या बाकावर दिवसभर कोन बसते? सासरा बसते, चुलतसासरा बसते, शाळेचे गुरुजी बसते. त्याइच्या डोळ्यादेखत डब्यात हात कोन घालीन? पोट्ट्यांले लाज नसते, म्हनून त्याइनं घातला.”

मग त्यांनी न विचारताच रुपाची गोष्ट सांगितली. रुपाचा नवराही ट्रकवर होता. बाहेर त्याचं काय चालतं हे नत्थूंच्या कानावर आलं होतं. नत्थूंनी ते रुखमाबाईंना सांगितलं आणि रुखमाबाईंनी ते पोटात ठेवलं. घरच्या जावयाबद्दल असलं कसं बोलायचं? आणि बहिणीला तरी काय सांगायचं? आधी तो गेला, वर्षभराने रुपा. ते दोन हजार तीन साल होतं. आज औषध आहे, तेही सरकारी दवाखान्यात फुकट. रोज नेमाने गोळी घेतली की माणूस धडधाकट राहून म्हातारा होतो, आणि औषधाने विषाणू पुरता दबून राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. रुपाच्या वेळी यातलं काहीच हाताशी नव्हतं. होतं ते फक्त थोरल्या बहिणीचं तोंड, आणि ते बंद होतं.

“मले मालूम होतं, बाई,” त्या म्हणाल्या. “मले मालूम होतं अन् मी चूप राहिली.” हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चुलीतलं लाकूड पुढे सारत होत्या. मला त्यांचा राग आला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, “तुमाले बायाइशी बोलाचं असन तं खुर्चीवर बसून नोका बोलू. रोवनीत या.”

पुढच्या वर्षी जुलैत मी गेले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले आणि पहिल्याच पावलाला बसले. टोळीने माझी यथेच्छ टिंगल केली. मग रुखमाबाईंनी मला आपल्या शेजारी, रांगेच्या मधोमध उभं केलं. रोवणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: सगळ्या बायका एका ओळीत कमरेतून वाकतात, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी असते, उजव्या हाताने रोप चिखलात रोवायचं आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. तास तास कोणी मान वर करत नाही. दिसतं ते फक्त खालचं पाणी आणि स्वतःचे हात. शेजारणीचा आवाज येतो, तोंड दिसत नाही.

आणि मग त्या बायका बोलायला लागल्या. तक्त्यापुढे पदर तोंडाला लावणाऱ्या याच बायका! कोणाचा नवरा दारू प्यायल्यावर कसा वागतो, कोणाला अंगावरून जातं आणि ती दवाखान्यात का जात नाही, सगळं आलं.

“माहं तं आपरेशन झालं, मंग मले निरोध कायले?” एक आवाज.

“आपरेशननं पोर होत नाई,” रुखमाबाई वाकूनच म्हणाल्या. “आजार होते. म्याडम, बराबर ना?”

“बरोबर,” मी म्हटलं आणि एक रोप आडवं रोवलं.

“अन् मच्छर चावून होते का वो?”

“मच्छरनं होत असता तं आपल्या गावात कोन उरलं असतं?” या रुखमाबाईच. मला बोलायची फारशी गरजच पडत नव्हती. त्या वर्षभर माझ्याकडून एकेक गोष्ट विचारून घेत होत्या, ती आता त्यांच्या तोंडून त्यांच्या भाषेत बाहेर पडत होती. माझा डबासुद्धा त्यांनी पंचायतीतून उचलून आपल्या घरामागच्या अंधाऱ्या पडवीत टांगला होता. उद्याची रोवणी कोणाकडे हे विचारायला टोळीतल्या बायका रोज संध्याकाळी तिथूनच येत. कोणी हात घातला, कोणी नाही, दिसत नसे. डबा महिन्याला रिकामा होत होता आणि गावात एकही फुगा नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी रांगेच्या टोकाकडून एक बारीक आवाज आला.

“नवरा सहा-सहा महिने बाहेर राहते. घरी आला का त्याले निरोध वापर म्हना, तपासून घे म्हना, तं तो म्हनीन, माह्यावर भरोसा नाई का? मंग बायकोनं का कराव?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझ्या केंद्रात येणाऱ्या दर दुसऱ्या बाईच्या पोटात तो असतो. निरोध कुठे मिळतो हे तिला माहीत असतं. तपासणी फुकट असते हेही माहीत असतं. पण मागितला की संशय घेतल्यासारखं होतं, आणि संशय घेतला की संसारात ठिणगी. म्हणून ती गप्प बसते आणि त्या गप्प बसण्यालाच विश्वास म्हणते.

मी रुखमाबाईंच्या उत्तराची वाट पाहिली. त्यांचं उत्तर नेहमी प्रश्न संपायच्या आत येतं. या वेळी आलं नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर त्यांचा हात चिखलातच थांबला होता. रांगेच्या टोकाला मेघा होती. आवाज त्यांच्या सुनेचा होता.

सगळ्या टोळीने तो ओळखला होता. बाकीच्या बायका रोपं रोवत राहिल्या.

“तिनं नाई म्हनाव,” शेवटी रुखमाबाई म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच ठणठणीत होता. “बायकोनं म्हटलं तं संशय होते. घरच्या मोठीनं म्हनाव. सासूनं म्हनाव.”

आणि त्या पाऊलभर मागे सरकल्या. टोळीसमोर बोललेला शब्द होता, आता त्यातून सुटका नव्हती. संध्याकाळी धुऱ्यावर पाय धुताना त्या मला हळूच म्हणाल्या, “बोलून तं गेली मी, बाई. पन कैलाशले कसं विचारू? त्याचं लगन मीच लावलं, त्याले न्हाऊ मीच घातलं. त्या पोराले हे विचाराचं?” त्या बाईला मी घाबरलेलं तेवढ्या एकदाच पाहिलं.

कैलाश आधी मे महिन्यात येऊन गेला होता. आता येणार होता दिवाळीला. पुढचा भाग मेघाने मला सांगितला, आणि लिहायला परवानगीही तिनेच दिली.

भाऊबीजेच्या सकाळी दहाच्या सुमारास कैलाश आला. दुसऱ्या दिवशी गावची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या गावागावांत मंडई भरते, दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, होते, सगळे सोयरे जमतात, लेकी-जावई येतात. घरात चिवड्याचा वास होता. पोराने आईसाठी लुगडं आणलं होतं, मेघासाठी पैंजण. चहा संपला, तशी रुखमाबाईंनी त्याच्या हातात विळा दिला.

“चाल, खालच्या बांधीतलं धान कापाचं राहिलं.”

“माय, आताच आलो ना! कालपासून गाडी चालवून राहिलो.”

“तासभराचं काम हाये. मेघा, तू बी चाल.”

तिघं रांगेत कापायला लागली. मधे रुखमाबाई, एका हाताला मुलगा, दुसऱ्या हाताला सून. तिघांच्याही माना खाली. अर्धी बांधी कापून झाली. मेघा सांगते, तिला वाटलं, आज माय काही विचारत नाही. आणि तेवढ्यात रुखमाबाई म्हणाल्या,

“कैलाश, गाडीवर असतानी तू बाईकडे जातं का?”

कैलाश ताडकन उभा राहिला. “माय! का बोलून राहिली तू? मेघा हाये इथं!”

“उभा नोको राहू,” रुखमाबाई धान कापता कापता म्हणाल्या. “वाक. काप अन् बोल.”

तो तसाच उभा होता. तोंड लाल झालं होतं. विळा टाकून निघून गेला असता तर तिथेच सगळं संपलं असतं.

“तुही मावशी रुपा,” रुखमाबाई मान खाली घालूनच बोलत होत्या, “तिच्या नवऱ्याचं मले मालूम होतं. मी चूप राहिली. तुले खांद्यावर घेऊन फिरे रुपा. शेवटी तिले उचलाले एक मानूस पुरे, एवडी हलकी झाली होती. आता मी चूप राहात नाई. तुले मारत नाई, घरातून काढत नाई. वाक, बावा.”

कैलाश वाकला. त्याने दोन मुठी धान कापलं. मग तो म्हणाला, “दोन डाव गेलो. पोळ्याच्या आसपास.”

“निरोध?”

“एका डावाले होता. एका डावाले... पेलो होतो.”

मेघाचा विळा थांबला. “मले रडू नाई आलं,” तिने मला सांगितलं. “राग आला. इतका आला का हातातला विळा मी बाजूले ठेवून देल्ला.” तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती उठून धुऱ्यावर जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, “माय, त्याले सांगा, मी त्याच्या पैंजनाले हात लावनार नाई.”

“नोको लावू,” रुखमाबाई म्हणाल्या. “राग कर. तुहा हक्क हाये. तपासनी होऊन म्याडम सांगत नाई तोवर तू माह्यापाशी निजशीन. अन् उद्या तिघंही तुमसरले जाऊ.”

“उद्या मंडई हाये!” कैलाश म्हणाला. “सारे सोयरे येतीन. आपन घरी नसलो तं लोक का म्हनतीन?”

“लोक रुपाच्या मातीले बी आले होते. दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी गेले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी दुनिया गावात येत होती आणि ही तिघं गावातून निघाली होती. एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांनी विचारलंच, मंडई सोडून कुठे? रुखमाबाईंनी सांगितलं, “तब्येत दाखवाले.” खोटं काहीच नव्हतं.

केंद्रात मी एकटीच होते. त्यांना बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. रुखमाबाई पुढे झाल्या आणि बाही वर सारली. “पयले माहं घ्या.”

“मावशी, तुम्हाला कशाला?”

“घ्या म्हनतो ना. त्याले दिसू द्या, रक्त देल्यानं कोनी मरत नाई.”

मग प्रत्येकाशी मी वेगवेगळी बोलले, दार लावून. कैलाश जमिनीकडे बघत होता, सगळे बघतात तसा. मी त्याला सांगितलं, लागण झाल्या झाल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून आज काहीही आलं तरी तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा यायचं, आणि तोवर प्रत्येक वेळी निरोध. उठता उठता त्याने विचारलं, “गावात कुठं भेटतीन?”

बाहेरच्या बाकावर तिघं एकत्र बसली तेव्हा त्याने तोच प्रश्न बायकोला हळूच विचारला असावा, कारण मेघाचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. ती सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती.

“आपल्याच पडवीत. मायच्या डब्यात.”

कैलाशचा कागद काय आला, ते मी सांगणार नाही. वाचणाऱ्याला राग येईल, येऊ द्या. तो त्याचा कागद आहे. तो तसा गुप्त राहतो म्हणूनच लोक माझ्या खुर्चीत येऊन बसतात. रुखमाबाई आई असून त्यांनीही मला कधी विचारला नाही. मेघाचं मात्र सांगते, कारण तिनेच सांगायला सांगितलं आहे: ती त्या दिवशी निगेटिव्ह होती, तीन महिन्यांनी निगेटिव्ह होती आणि आजही आहे. कैलाश घरी येतो तेव्हा आधी तुमसरला माझ्या केंद्रात येतो. मेघाने पैंजण उन्हाळ्यात घातले. आधी घातले असते तर मलाच वाईट वाटलं असतं.

या जुलैत मी पुन्हा रोवणीत होते. आता मी सरळ रोवते, असं माझं मत आहे. टोळीचं वेगळं आहे. त्या दिवशी रांगेत एक नवी नवरी होती, रुचिता नावाची, चिखला गावच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्याची बायको. दुपारी तिच्या बाजूने बारीक आवाज आला. नवऱ्याले कसं म्हनाव, तो म्हनीन भरोसा नाई का? शब्दसुद्धा जवळपास तेच.

रुखमाबाईंनी उत्तरासाठी श्वास घेतला. पण त्याआधी रांगेत कोणीतरी सरळ उभं राहिलं. भर रोवणीत, चालू रांगेत. मेघा होती. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसरा चिखलाचा हात कमरेवर. एकेक करून सगळ्या बायकांनी माना वर केल्या, आणि तिने कोणापासूनही तोंड लपवलं नाही.

“मी मेघा बोलून राहिली,” ती म्हणाली. “मागच्या साली असंच मी विचारलं होतं. माह्या सासूनं आपल्या पोराले माह्यासमोर विचारलं, म्हनून मी आज चांगली हाये. तुह्या घरी विचारनारं कोनी नसन, रुचिता, तं आज संध्याकाळी माह्या सासूले घेऊन जाय. मी बी येतो.”

रुचिताने हळूच मान हलवली.

“रोवनी थांबली ना वो,” रुखमाबाई ओरडल्या. “वाका साऱ्या!”

सगळ्या वाकल्या, मेघासुद्धा. मी रुखमाबाईंच्या अगदी शेजारी होते. सगळ्यांनी माना वर करून मेघाकडे पाहिलं तेव्हा त्यांनी एकट्यांनीच केली नव्हती. त्या तशाच वाकलेल्या होत्या, रोपामागून रोप रोवत होत्या, आणि नाकाच्या शेंड्यावरून खालच्या पाण्यात थेंब पडत होते. मी पुढचं रोप रोवलं. वाकलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.